पाहुण्यापासून झाकलेले भांडे

मित्रांनो, आंब्याखाली कोंबड्या ज्यात साचलेले पाणी पितात, तो मी. मी एक जुना, रुंद लोखंडी तवा आहे.

सेंट लुसिया बेटावरचा आमच्या गावचा साखर कारखाना बंद पडला, तेव्हा तिथल्या काहिलीचा तळ कापून लोहाराने मला घडवले. माझी मालकीण युडोक्सी; तिच्या सासूने मला चुलीवर बसवले. कडू कसाव्याचा कंद किसायचा, विषारी रस पिळून टाकायचा आणि कीस माझ्यावर परतत राहायचे. आळीतल्या बायका मदतीला येत. खमंग, रवाळ फरीन तयार होई. वादळाने बोटी अडल्या की सारा गाव माझ्याभोवती जमे. समुद्र निवळला की पुन्हा बोटीतून आलेल्या पिठाच्या पावाकडे वळे.

युडोक्सीची मुलगी व्हर्निता कामासाठी परदेशी निघाली होती. आई म्हणाली, "थांब पोरी. शहरातल्या दुकानाने आपली फरीन घेतली, तर इथेच कारखाना काढू."

व्हर्निता थांबली. तिने पिशव्या शिवल्या, त्यांवर माझे चित्र काढले.

"चित्रात तवा कसा चंद्रासारखा चमकतोय," शेजारची ओझ्मा मावशी म्हणाली. "खरा कधी घासलास का गं एवढा?"

व्हर्निता खूप हसली. तिचे ते हसणे मला अजून आठवते.

दुकानाचे साहेब आले. आमच्याकडे पाहुण्याला फरीन वाढणे कमीपणाचे. ते अडचणीतले खाणे. म्हणून युडोक्सीने पाव, डब्यातले लोणी आणि डब्यातले मांस मांडले. सकाळची फरीन पडद्यामागे झाकून ठेवली.

"रोज हेच खाता?" साहेबांनी विचारले.

"रोज. देवाच्या दयेने काही कमी नाही, साहेब."

साहेबांनी हातातली फरीनची पिशवी खाली ठेवली. "बाई, तुम्हीच फरीन खात नाही, मग शहरातली माणसं कशाला विकत घेतील?"

"आई, खरं सांग ना," व्हर्निता हळूच म्हणाली.

आई मान खाली घालून पावाला लोणी लावत राहिली. मला पडद्यामागचे भांडे दिसत होते. पण तव्याला कुठली वाचा?

साहेब गेले. महिनाभरात व्हर्निताही गेली. युडोक्सीने काही वर्षे एकटीने मला तापवले. मग तिचे खांदे आखडले, आणि तिने मला ओढत आंब्याखाली आणले.

परवा ती माझ्या काठावर बसून व्हर्निताशी फोनवर बोलत होती.

"आई, थोडी फरीन पाठव ना. इथं मिळत नाही."

युडोक्सीने माझ्यावरून बोट फिरवले. बोट तांबडे झाले.

"तवा गंजलाय गं पोरी," ती म्हणाली.

मित्रांनो, पाहुणा आला तर आपले रोजचे जेवण झाकून ठेवू नका. त्याच्या ताटात आधी तेच वाढा. माझा गंज वाळूने घासला तर आजही निघेल. पण ज्या हातांनी माझ्यावर फरीन परतायची होती, ते हात दूर कुठेतरी परक्यांची भांडी घासत आहेत.