एक जूनच्या कार्डावरची लाल क्लिप

खट्.

बेसमेंटमधला ड्रायर थांबून बराच वेळ झाला होता. वर घरातली छोटी सलोनीही गप्प होती. त्या शांततेत माझी पितळी कडी उघडली गेली, एवढाच आवाज. पण तो आवाज मी ओळखते. तो झाला की समजायचं, आता कोणाची तरी चौकशी होणार.

मित्रांनो, मी मेपलच्या लाकडाची एक जुनी पेटी आहे. माझ्या पोटात कपडे नाहीत की दागिने नाहीत. माझ्या पोटात माणसं आहेत. अमेरिकेत निवडणुकीला उभी राहिलेली माणसं. कोणी पुढे सिनेटर झालेली, कोणी गावच्या शाळेच्या मंडळावर तीन मतांनी पडलेली. प्रत्येकाचं एक कार्ड. नाव, जन्म, आईवडील, शिक्षण, धंदा, लग्नं, पदं, मृत्यू. एवढ्या चार बोटांच्या कागदात माणूस मावतो. निदान पूर्वी मला तसं वाटायचं.

माझा जन्म ओटावातल्या एका सुताराच्या हातून झाला. मिस व्हीलर नावाच्या बाईंनी मला करून घेतलं. त्यांचं छोटंसं ऑफिस होतं. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना आणि ग्रंथालयांना तिथल्याच पुढाऱ्यांची माहिती ते पुरवायचं. कॅनडात बसून हे उद्योग कशाला, असं कोणी विचारलं की बाई म्हणायच्या, "शेजाऱ्याचं घर आपल्या अंगणातून जास्त नीट दिसतं."

बाईंची एक पद्धत होती, आणि ती माझ्या हाडीमासी भिनली आहे. उमेदवार स्वतःबद्दल जे सांगतो ते पेन्सिलीने लिहायचं. दोन वेगळ्या कागदांवर तेच सापडलं, तरच ते शाईने पक्कं करायचं. आणि कागद एक बोलतोय, माणूस दुसरंच बोलतोय, असं दिसलं तर त्या कार्डाला लाल क्लिप लावायची.

त्या लाल क्लिपांनी मी काय काय पाहिलं! एक गृहस्थ युद्धात लढल्याचं सांगत. निघालं असं की ते दोन आठवडे छावणीच्या भटारखान्यात होते, तिथेही बटाटे सोलताना बोट कापून घरी परतले. एका बाईंचं वय दर निवडणुकीला दोन वर्षांनी कमी व्हायचं. एका उमेदवाराने बाईंच्या प्रश्नांची उत्तरं इतकी छान लिहून पाठवली की बाईंना शंका आली. तपासलं तर तो पाच महिन्यांपूर्वीच वारला होता. उत्तरं मेहुणा लिहीत होता.

अशा संगतीत माझा स्वभाव कसा घडणार? संशय हाच माझा धंदा झाला. लोक माझं कौतुक करायचे. "व्हीलरबाईंच्या पेटीत शाईने आहे ना? मग खरं!" असं मोठमोठे संपादक फोनवर म्हणायचे. मी आतल्या आत फुगायचे. ओटावाच्या हिवाळ्यात सगळी लाकडं आकसतात, मी मात्र फुगायचे.

मग बाई गेल्या. कंप्युटर आले. माझ्या पाठीवर आधी प्रिंटर बसला, मग कॉफीचे मग. माझ्या कडीला कोणी तेल दिलं नाही. एके दिवशी ऑफिसच्या नव्या साहेबांनी, डगने, मला कचऱ्याच्या दिवशी रस्त्याकडेला ठेवायला सांगितलं. तेव्हा तिथे ट्रेनिंगला आलेली एक मुलगी पुढे झाली. "मी नेऊ का ही?"

ती अक्षता. नागपूरची. ती मला गाडीच्या मागच्या सीटवर सीटबेल्ट लावून मिसिसागाला आपल्या घरी घेऊन आली. आजही ती डगसाठी घरूनच काम करते. लेक सलोनी शाळेत असते, नाहीतर टीव्हीपुढे असते, तेवढ्यात जे तास चोरता येतील त्या तासांत. सगळं कंप्युटरवर जातं, पण आधी ती माझ्यातल्या कार्डावर लिहिते. पेन्सिल, मग शाई. आणि वेळ पडली तर लाल क्लिप. ती लाल क्लिप कंप्युटरवर गेली की ओळ होते, 'जन्मतारीख वादग्रस्त', आणि ती ओळ शे-दीडशे वर्तमानपत्रं वाचतात.

तर त्या गुरुवारी बर्फामुळे शाळेच्या बस बंद होत्या. अक्षताचा नवरा उन्मेष बाहेर ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्याने उपसत होता. तिचे वडील शंकरराव माझ्याशेजारी खुर्ची टाकून मोज्यांच्या जोड्या लावत बसले होते. अक्षताने कडी उघडली आणि एक कार्ड बाहेर काढलं.

मिलिंद वाघधरे. सीमेपलीकडच्या एका राज्यात विधानसभेच्या जागेसाठी उभे. पुढच्या महिन्यात पक्षाची आतली निवडणूक. जन्म: १ जून १९६६, काटोल, जिल्हा नागपूर. शाईने. पासपोर्ट, शाळेचा दाखला, नागरिकत्वाचा कागद, सगळीकडे तेच.

पण या गृहस्थांनी एका सभेत सांगितलं होतं, "माझी आई संत्र्यांच्या बागेत टोपल्या उचलत होती. डिसेंबरची थंडी होती. तिथेच मी जन्मलो." विरोधकाच्या माणसाने ते ऐकून ऑफिसला पत्र धाडलं होतं. जूनमध्ये की डिसेंबरमध्ये? जो माणूस आपल्या जन्माबद्दल खोटं बोलतो, तो आणखी कशाबद्दल बोलत असेल?

खरं सांगू का? मलाही तसंच वाटलं. डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट रचायची, हा पुढाऱ्यांचा जुना खेळ. मी मनात म्हटलं, लाव क्लिप.

फोन वाजला. स्पीकरवर डग होता.

"अक्षता, उद्या पाचला फाइल जाते. रेड क्लिप. सिंपल."

"मला थोडा वेळ द्या, डग."

"टू सोर्सेस, अक्षता. तुझ्याकडे तीन आहेत. तिन्ही जून म्हणतात. तो डिसेंबर म्हणतो. यात वेळ कशाला?"

फोन ठेवून अक्षता कार्डाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, एक जून."

शंकररावांचा हात मोज्यावर थांबला. ते भंडारा जिल्ह्यात छत्तीस वर्षं मास्तर होते, शेवटची बारा वर्षं मुख्याध्यापक. ते हसायला लागले. इतके, की मोजे खाली पडले.

"काहून हसता?"

"अगं पोरी, या हातांनी किती एक जून लिहिले असतील! जूनमध्ये शाळा उघडायची. माय पोराला घेऊन यायची. विचारलं, जन्म कधीचा? तर म्हणायची, गुरुजी, धान कापायच्या वेळचा. आता धान कापायची तारीख रजिस्टरात कशी लिहू? वय भरलं पाहिजे, पोरगं शाळेत बसलं पाहिजे. टाक एक जून! आमच्या अख्ख्या पहिलीचा वाढदिवस एकाच दिवशी."

मित्रांनो, माझ्या सांध्यांतून त्या वेळी करकर आवाज आला. दोघांना वाटलं, हीटिंगने लाकूड तडकलं. पण मी हादरले होते. तीन कागद, तिन्ही एकमेकांना दुजोरा देणारे. पण पासपोर्टने दाखल्यावरून उतरवलं होतं, नागरिकत्वाच्या कागदाने पासपोर्टवरून, आणि दाखल्यात एका गुरुजींनी पोरगं शाळेत बसावं म्हणून टाकलं होतं. म्हणजे साक्षीदार तीन नव्हतेच. एकच होता, आणि त्यालाही तारीख ठाऊक नव्हती! माझ्या पोटात असे किती 'पक्के' पडले असतील?

तरी माझा संशय जात नव्हता. हा वाघधरे त्याच प्रथेचा फायदा घेत नसेल कशावरून?

अक्षताने त्याच्या प्रचाराच्या ऑफिसला फोन लावला. दोन माणसांनी तिला टाळलं. तिसऱ्या वेळी तो स्वतः आला, आणि इंग्रजीत फाडकन म्हणाला, कोणाकडून बोलताय, कोणी पैसे दिलेत, माझा वकील...

"जय भीम, सर," अक्षता मराठीत म्हणाली. "मी नागपूरची. इंदोऱ्याची."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"जय भीम," तो म्हणाला. पण आवाज अजून आवळलेलाच. "गावची माणसं पुढे करून फसवायची पद्धत नवी नाही, ताई. काय हवंय?"

"एकच विचारायचंय. तुमचा एक जून गुरुजींचा का?"

मग तो हसला. आधी नाकातून, मग मोकळा. "ताई, आम्ही सात भावंडं. त्यातले चार एक जूनचे! त्यातले दोघं तर कागदावर जुळे निघतात, खरं अंतर दोन वर्षांचं! इथे कोणाला सांगू हे? माझ्याच प्रचारातली मुलं म्हणतात, सर, डिसेंबरचं बोलू नका. पण माय मरेपर्यंत डिसेंबर म्हणायची. तिला खोटं पाडू का मी?"

अक्षताने फोन ठेवला तेव्हा तिच्या हातात लाल क्लिप होती. तिने ती टेबलावर ठेवली. मग उचलली. मग परत ठेवली.

तेवढ्यात उन्मेष बूट झटकत खाली आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "छान. मग डगला सांग."

"डगला नुसतं सांगून चालणार नाही. ही पद्धत स्वतः माहीत असलेल्या माणसाचं नाव घालून लेखी द्यावं लागतं."

"माझं नाव घाल," शंकरराव म्हणाले. "शंकरराव मेश्राम, निवृत्त मुख्याध्यापक. सही करतो."

"बाबा, नको," उन्मेष पटकन म्हणाला. "तुमची इथे कायम राहायची, पीआरची फाइल चालू आहे. तुमचा पासपोर्ट काढून बघा, काय तारीख आहे."

कोणी पासपोर्ट काढला नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या एक जूनलाच सलोनीने आजोबांसाठी केकवर चौदा मेणबत्त्या लावल्या होत्या, कारण पाकिटात तेवढ्याच होत्या.

"तारखा लिहून देणारा माणूस स्वतः एक जूनचा," उन्मेष म्हणाला. "उद्या कोणी उलटा प्रश्न विचारला तर? इथे कोण कुठून काय जोडेल सांगता येतं का? त्या माणसाची एक जागा जाईल, अक्षता. आपले बाबा भारतात परत जातील."

तो वाईट माणूस नाही, मित्रांनो. तो माझ्यासारखाच आहे. संशय घेतो, कारण कोणाला तरी जपायचं असतं.

शंकररावांनी एक मोजा दुसऱ्यात खुपसला. "मी छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या तारखा लिहिल्या. त्यातला एक पोरगा तिकडे निवडणुकीला उभा असेल, न् लोक त्याला खोटारडा म्हणत असतील. मी इथे बसून मोजे लावू?"

"हा तुमचा पोरगा नाही, बाबा. हा काटोलचा."

"एक जूनचा आहे ना? मग माझाच."

शुक्रवारी दुपारी अक्षताने डगला फोन केला. वडिलांच्या सहीचा कागद तिने आधीच पाठवला होता. आता कार्डावर दोन ओळी होत्या. शाईने: '१ जून १९६६, शाळेच्या दाखल्यानुसार.' खाली पेन्सिलीने: 'डिसेंबर, आईच्या सांगण्यानुसार.'

डगने दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या. मग म्हणाला, "तुझ्या वडिलांची स्वतःची तारीख काय?"

मला वाटलं, झालं. उन्मेष जिन्यात उभा होता. त्याने डोळे मिटले.

"कागदावर, एक जून," अक्षता म्हणाली.

"हं. हे मी कुठे लिहायचं का?"

"लिहायचंच असेल, तर पेन्सिलीने लिहा."

डग हसला नाही. पण म्हणाला, "ओके. नो रेड क्लिप. दोन्ही ओळी जाऊ देत." आणि फोन ठेवता ठेवता, "ती पेटी अजून आहे का तुझ्याकडे?"

"आहे."

"फेकू नकोस."

तर मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या पेटीचं एवढंच मागणं आहे. माझ्या कडीला वर्षातून एकदा तेल द्या. माझ्यातली पेन्सिलीची अक्षरं घासून पुसून टाकू नका. शाईवाले मिरवतात, पण पेन्सिलीने लिहिलेल्यांना जपणारं कोणी नसतं. संशय जरूर घ्या. मी काही तो सोडलेला नाही, सोडणारही नाही. फक्त क्लिप लावण्याआधी त्या माणसाला एक फोन करा. त्याच्या बोलीत करता आला, तर उत्तमच.

वाघधरेंना पक्षाची उमेदवारी मिळते का, ते पुढच्या महिन्यात कळेल. शंकररावांच्या फाइलचं काय होतं, ते कधी कळेल कोणास ठाऊक. त्या संध्याकाळी उन्मेषने जेवण लवकर उरकलं. मग तो खाली आला आणि माझ्या कडीला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडून गेला. त्यामुळे नंतर कडी उघडली ती आवाज न करता.

उघडली सलोनीने. तिने एक कोरं कार्ड घेतलं, जिभेचं टोक बाहेर काढून त्यावर एक टक्कल, एक चष्मा आणि खाली भाताची लोंबी काढली. वर नाव लिहिलं, 'आजोबा'. मग ती शंकररावांकडे वळली.

"आजोबा, व्हेन वेअर यू बॉर्न? रिअली रिअली?"

"धान कापत होते, बाळा. माझी माय सांगायची. कोणता दिवस, ते तिलाच ठाऊक."

"कॅन वी कॉल हर?"

शंकररावांनी मान आडवी हलवली आणि बोट वर आभाळाकडे केलं. सलोनीने थोडा विचार केला. जन्माच्या रकान्यावर बोट ठेवून ती कार्ड आईकडे घेऊन गेली. अक्षता कपड्यांच्या घड्या घालत होती. सलोनीच्या एका हातात पेन होतं, दुसऱ्या हातात पेन्सिल. दोन्ही हात तिने आईपुढे धरले.

"आई, आजोबांचं कशाने लिहू?"