भागिले किती?

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर चार आठवड्यांचे चार कागद, प्रत्येकावर नावं, नावांपुढे रक्तातली साखर आणि तळाशी लाल आकडा. बाटलीबाबाने लाल आकड्यांवर काठी आपटली.

"पहिला आठवडा, सरासरी दोनशे वीस! चौथा, एकशे नव्वद! गोळी नाही, सुई नाही, फक्त मंतरलेलं पाणी! आकडे खोटं बोलतात का?"

"नाही!" गर्दी ओरडली. सरासरी काढायला शाळेत सगळेच शिकले होते, पण ते शिक्षण चपलांबरोबर दाराशी काढून ठेवलं होतं.

सगळ्यात मोठ्याने ओरडली माझी ताई. तिने महिन्यापूर्वी मधुमेहाच्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या होत्या, आणि आता जिना चढताना तिला घेरी येत होती. मी समजावून थकलो होतो.

माझी बायको शिवणकाम करते. लाल आकडे सोडून ती वरची नावं मोजू लागली.

"भागिले किती, बाबा?"

"म्हणजे?"

"पहिल्या कागदावर दहा माणसं. बेरीज बावीसशे, भागिले दहा. चौथ्यावर सहाच. बाकीचे चौघे?"

"मुक्त झाले, माई!" बाबाने डोळे मिटले.

"झालेच. तिघं इस्पितळात आहेत आणि न्हावीकाका मंगळवारी वारले."

हे सगळ्यांना ठाऊक होतं. जोडून कोणी बघितलं नव्हतं. निर्लज्जाने मेलेला माणूसही आपल्या यशात धरला होता!

बायकोने खिशातल्या खडूने पहिल्या आठवड्याचे दहा आकडे फरशीवर चढत्या क्रमाने लिहिले. "हे शेवटचे चार, तीनशेच्या आसपासचे, त्या चौघांचे. मोठे आकडे गळले की सरासरी उतरणारच, पाणी पाजा नाहीतर वारा घाला. उरलेल्या सहांचीच सरासरी काढा. तेव्हा एकशे साठ, आता एकशे नव्वद. एकूण एकाची साखर चढलीय."

"माझी?" ताईने विचारलं.

"वन्सं, एकशे पासष्टची दोनशे दहा."

"श्रद्धा कमी पडली," बाबा पुटपुटला. तरीही दोन-चार माना डोलल्याच! लोकहो, टाळी वाजवण्याआधी माणसं मोजा. त्याला पदवी लागत नाही.

ताईने हातातली बाटली फरशीवर ओतली. मी तिला डॉक्टरकडे नेलं. दाराशी थांबून ती एवढंच म्हणाली, "न्हावीकाकांना त्या बाबाकडे मीच नेलं होतं रे."