पडद्यावरचा कुऱ्हाडवाला

पिंपळझोऱ्याच्या शाळेत जनावरांचा पिच्चर येणार, अशी दवंडी झाली तेव्हा बायजा उईके सरपंच वासुदेवरावांच्या वावरात कापूस वेचत होती. दवंडीवाला सांगत होता, चित्रांचा पिच्चर आहे, चित्रंच चालतात-बोलतात, घरच्या सगळ्यांनी यावं. बायजाची पोरगी गंगा चौथीत होती. तिला दोन दिवस जेवण सुचलं नाही. बायजाचा नवरा जंगलू मात्र म्हणाला, "तुम्ही मायलेकी जा. मले त्या लोकायचं तोंड पाह्याचं नाई."

त्या लोकांचं म्हणजे जंगल खात्याचं. जंगलू बारा वर्षं खात्यात रोजंदारीवर चौकीदार होता. पाणवठ्यावर बसायचं, वणवा लागला की झाडपाला घेऊन विझवायला धावायचं, कोणतं जनावर कुठून गेलं ते वनरक्षकाला सांगायचं, हे त्याचं काम. नाल्यापलीकडे राहणाऱ्या वाघिणीला तो 'आपली वाघीण' म्हणायचा. सन ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात सरपंचांकडे शहरातले पाहुणे आले, जीप घेऊन, बंदुका घेऊन. सकाळी उजाडता उजाडता दोन बार झाले. जंगलू पोचला तोवर वाघीण जीपमध्ये टाकून वर ताडपत्री ओढली होती. त्यानं जीपचा नंबर घेतला आणि तडक खात्याचं ऑफिस गाठून तो दिला. आठ दिवसांनी पोलीस आले, ते जंगलूलाच न्यायला. त्याच्या घरामागं वाघाची नखं सापडली म्हणे. तिथं ती कोणी ठेवली, हे कोणी विचारलं नाही. तीन महिने आत काढून तो जामिनावर सुटला. काम गेलं होतं. खटला दोन वर्षं झाली तरी चालूच होता.

शनिवारी दुपारी शाळेच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगून अंधार केला. पोरं पुढं बसली, बाया मागं भिंतीला टेकून. खुर्च्यांवर सरपंच, रूपराव गुरुजी आणि नागपूरहून आलेले जंगल खात्याच्या प्रचाराचे तरुण साहेब. मशीन चालवायला ओमप्रकाश नावाचा ऑपरेटर होता.

पिच्चर लागला आणि बायजा सगळं विसरली. वाघिणीचे दोन बछडे फुलपाखरामागं धडपडत धावत होते. वाघीण पाण्यात शिरली ती उलटी, आधी मागचे पाय घालून, थेट जंगलू सांगायचा तशी. ज्यानं हे काढलं त्यानं वाघीण डोळ्यांनी पाहिली आहे, असं बायजाला वाटलं. जंगलू यायला हवा होता.

मग झाडामागून तो निघाला. काळाकुट्ट, कमरेला लंगोटी, डोक्याला फडकं, लाल डोळे, खांद्यावर कुऱ्हाड. तो चालला की मागं ढोल वाजे, आणि तो ढोल आदिवासी उईक्यांच्या लग्नांत वाजतो तसाच होता. त्यानं फास लावला. वाघीण अडकली. त्यानं कुऱ्हाड उगारली. बछडे रडू लागले तशी शाळेतली पोरंही रडू लागली, आणि रडता रडता त्याला शिव्या घालू लागली. पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "गंगीचा बाप." आधी एक हसला, मग सगळे हसले.

गंगानं मान गुडघ्यांत घातली.

पिच्चर संपला. घोंगड्या निघाल्या. साहेबांनी पेन्सिलींचा डबा उघडला. "सांगा बाळांनो, जंगलाचा शत्रू कोण?"

"कुऱ्हाडवाला," पोरं एका सुरात म्हणाली.

"आणि तो दिसला तर काय करायचं?"

"पोलिसाले सांगाचं."

साहेब पेन्सिली वाटू लागले. बायजा उभी राहिली.

"साहेब, मी एक इचारू?"

"विचारा की, बाई."

"हा मानूस तुमी कुठं पाह्यला?"

साहेब हसले. "अहो, हे नुसतं चित्र आहे. मुंबईत काढलंय. कोणा एका माणसाचं नाही ते."

"मंग लंगोटी कोनाची आहे? ढोल कोनाचा आहे? थो मुंबईचा आहे का?"

"बायजे, खाली बस," वासुदेवराव म्हणाले. "पाहुण्यायसमोर गावाची शोभा नको करू."

"पाहुण्यायचंच सांगून राह्यली मी," बायजा म्हणाली. मग साहेबांकडे वळून, एकेक शब्द दातांखाली धरून बोलली, "तुमच्या पिच्चरात जीप काऊन नाई, साहेब? बंदूक काऊन नाई? आमची वाघीण जीपवाल्यायनं मारली. माह्या नवऱ्यानं नंबर देल्ला, तं त्यालेच आत टाकलं. अन् आज तुमी माह्या पोरीले शिकवून राह्यले का तिचा बापच शत्रू आहे."

रूपराव गुरुजी हातातला खडू न्याहाळत बसले. मागं बसलेल्या देवकाबाईच्या वावरातून ती जीप बांध फोडत गेली होती. तिनं पदर तोंडाशी घेतला. जीप सगळ्या गावानं पाहिली होती. साहेबांच्या हसण्यानं बायजाला आला नव्हता इतका संताप गावाच्या गप्प बसण्यानं आला. तिनं गंगाचा हात धरला आणि ती बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सरपंचांचा निरोप आला, वावरात कामाला येऊ नको. गंगा शाळेत जाईना. बायजानं दोघांच्या भाकरी थापून ठेवल्या, एक स्वतःच्या फडक्यात बांधली आणि जंगलूला म्हणाली, "मी पिच्चरच्या गाडीमांगं चालली."

"कायले?"

"गावागावात पोट्टे तुले शत्रू म्हनून राह्यले अन् मी घरी बसू?"

पुढच्या गावी ती पायी पोचली. पिच्चर संपेस्तोवर भिंतीशी बसली, पेन्सिली निघाल्या की उठली आणि तेच सगळं बोलली. त्याच्या पुढच्या गावी पुन्हा. लोक ऐकून घेत, खाली बघत, घरी जात. तिसऱ्या गावी साहेब चिडले. "तुम्ही सरकारी कामात अडथळा आणताय, माहीत आहे ना?"

"मंग धरा मले. आमच्या घरी सवय आहे त्याची."

साहेबांनी तोंड फिरवलं. ओमप्रकाशनं तिला तांब्याभर पाणी दिलं. "मावशी, मी तं फक्त रीळ चढवतो," तो म्हणाला. "इतक्या गावात चढवलं, पन हा सवाल कोनी नाई केला. परवा जामले आहे आमचा खेळ. गाडीत बसा, सोडतो."

"तुमच्या गाडीत नाई बसत," बायजा म्हणाली आणि एसटीनं गेली.

जाम म्हणजे हमरस्त्यावरचा फाटा. ट्रकवाले, दुकानदार, हमाल, सगळे एका गोदामात दाटीवाटीनं बसून पिच्चर पाहत होते. बायजाचा आवाज बसला होता, तरी ती उभी राहिली. जीपचं सांगितलं, ब्याऐंशीचा उन्हाळा सांगितला, घरामागच्या नखांचं सांगितलं. तेव्हा चहाच्या टपरीचा प्रेमदास मागून पुढं आला.

"ताडपत्री हिरवी होती का?" त्यानं विचारलं.

"होती."

"मंग ते माह्या टपरीवर थांबलते. सकाळचा टाइम होता. ताडपत्रीखालून रगत गळून राह्यलं होतं, कुत्रे जमा झालते. एकानं माह्यी सुरी मांगली. मले वाटलं, लिंबू कापते. त्यानं पंजा बाहेर ओढून नखं काढली. पोराच्या गळ्यात बांधतो म्हने."

बायजानं विचारलं, "तुह्या सुरीनं?"

"हो."

"अन् तू दोन वर्सं चाय इकत राह्यला."

"मले कोनी इचारलंच नाई, बाई."

त्याच्या थोबाडीत द्यावी म्हणून तिचा हात वर गेलाही. मग तिनं तो खाली घेतला. "आता मी इचारते. कोर्टात येऊन सांगशीन?"

प्रेमदासनं एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. "येईन," तो म्हणाला. साहेब खुर्चीवर बसूनच होते. त्या दिवशी पेन्सिलींचा डबा त्यांनी बंद केला आणि ओमप्रकाशला सामान बांधायला सांगितलं. पुढच्या गावांचे खेळ झालेच नाहीत.

घरी आल्यावर बायजानं हे सांगितलं. जंगलू म्हणाला, "पिच्चर बंद नको होता पडाले. गंगी सांगे, वाघीण बरोबर काढली होती."

"वाघीण राहूच द्या म्हनत होती मी," बायजा खेकसली. "त्या कुऱ्हाडवाल्या मुडद्याले काढून टाका, एवढंच म्हननं होतं माह्यं."

पंच्याऐंशीच्या पावसाळ्याआधी खटला सुनावणीला उभा राहिला. प्रेमदास आला, सुरीचं सगळं सांगितलं. आणि कोणी बोलावलं नसताना देवकाबाईही बायजा-जंगलूच्याच एसटीनं आली. आपल्या वावरातून जीप कशी गेली, कोणाच्या घरी उतरली होती, हे तिनं सरपंचांचं नाव घेऊन सांगितलं. जंगलू निर्दोष सुटला.

कोर्टाबाहेर जंगलूच्या वकिलांनी हसत हात जोडले. "सुटले बरं का, बाई. आता तोंड गोड करा."

"सुटला म्हनू नका," बायजा म्हणाली. "त्यानं काई केलंच नोतं. जीपवाल्यायचा खटला कवा लागते, ते सांगा."

"तो वेगळा विषय आहे. वरून चौकशी व्हावी लागते."

"मंग लिहा अर्ज."

वकिलांना घाई होती. समोर झाडाखाली टाइपरायटर घेऊन अर्ज लिहिणारा बसला होता, बायजा जाऊन त्याच्यापुढं बसली. सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यानं मध्येच सौम्य शब्द घातला तर ती पुन्हा वाचायला लावी आणि तो शब्द बदलून घेई. खाली अंगठा तिनं उमटवला, आणि तिच्या अंगठ्याशेजारी देवकाबाईनं आपला.

त्या अर्जाला उत्तर आलं नाही. जंगलूला परत कामावर घेतलं नाही. दुसऱ्या वर्षी बायजानं दुसरा अर्ज केला, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. गावात लोक म्हणत, बायजाचा राग काही उतरत नाही. तिच्या कानावर ते जाई. ती म्हणायची, तो उतरावा असं अजून झालंय काय.