नव्या दिव्याखालचे कोरडे पत्रे

आमच्या दारापुढचा जुना मर्क्युरीचा दिवा काढून एलईडीचा लावावा, असा अर्ज मीच केला होता. सात महिने चर्चमधल्या पहाटेच्या मिस्सावरून परतताना मी वॉर्डाच्या चेअरमनच्या दारात थांबून हळूच आठवण करून द्यायचे. ते म्हणायचे, न्याबो, बाईसाहेब, देवाच्या खालोखाल तुम्ही मलाच छळता.

खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझे यजमान, लुबेगा, अकरा वर्षं कंपालात दुसऱ्या बाईबरोबर, रेस्टीबरोबर राहतात. इथे मसाक्याला येतात ते फक्त नोव्हेंबरात, नाकतोडे उतरतात तेव्हा. पाऊस उघडला की हिरव्या नाकतोड्यांचे थवे दिव्यावर झेपावतात आणि खाली तिरपे लावलेल्या पत्र्यांवरून घसरून पिंपात पडतात. बायकोने ते धरून, पाय-पंख खुडून, परतून वाढायचे आणि नवऱ्याने तिला नवी गोमेसी, सणासुदीचा पायघोळ पोशाख, आणायची, ही आमच्याकडची रीत. अंगणात नाकतोडे पडतात तोवर ते राहतात. एका वर्षी तर वीस दिवस राहिले. मला वाटलं, दिवा मोठा तर थवा मोठा, आणि थवा मोठा तर मुक्कामही मोठा. त्यासाठी रोजच्या रोझरीत मी आणखी एक माळ वाढवली होती.

ऑगस्टमध्ये माणसं आली. जुना खांब बुंध्यातून कापला. कमरेहून खोल खड्डा खणून त्यात जस्त चढवलेला निमुळता खांब उभा केला. त्याच्या पायाशी तारांसाठी छोटं दार होतं आणि वर चपट्या ताटासारखा दिवा. याहून मोठा नाही का, असं मी फोरमन किग्गुंडूला विचारलं. तो म्हणाला, याच्या उजेडात तुम्ही सुईत दोरा ओवाल, आई. संध्याकाळी मी ओवून पाहिला. ओवला गेला. शेजारची नान्तोंगो म्हणाली, यंदा तुझी पिंपं ओसंडणार, आमची आठवण ठेव म्हणजे झालं.

नोव्हेंबर लागला तसे टेकडीवर नाकतोडे धरून विकणाऱ्या कायोंडोच्या दिव्यांभोवती धुरासारखे थवे घुमू लागले. माझ्या अंगणात लख्ख उजेड आणि पत्रे कोरडे. तीन संध्याकाळी बसून मूठभरही जमले नाहीत, जे पडले तेही वाट चुकल्यासारखे. चौथ्या दिवशी मी टेकडी चढून कायोंडोकडे गेले.

"मर्क्युरीच्या उजेडात त्यांना बोलावणारं काहीतरी असतं, न्याबो. तुमच्या नव्या दिव्यात ते नाही," तो म्हणाला. "तो फक्त माणसांसाठी आहे. आधी विचारायचं तरी."

मग त्याने मधल्या बांबूवरचा दिवा दाखवला. तो आमचाच होता. किग्गुंडूने त्याला विकला होता. त्याच्याखालची पिंपं काठोकाठ भरली होती. त्यातलेच दोन टोपल्या नाकतोडे मी विकत घेतले आणि फडक्याखाली झाकून घरी आणले.

शनिवारी दुपारी हे आले. हातात लहान पिशवी आणि कागदात बांधलेलं पुडकं. मी रीतीप्रमाणे गुडघे टेकून स्वागत केलं, कांदा घालून परतलेले नाकतोडे वाढले. यंदा चांगले लठ्ठ आहेत, असं म्हणत त्यांनी दोनदा मागून घेतले. संध्याकाळी सातला दिवा लागला तसे ते अंगणात जाऊन बसले. बराच वेळ वर बघत होते. मग उठून पत्र्यावरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली.

"हे नाकतोडे कुठून आणलेस?"

"अंगणातलेच," मी म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हसून म्हणाले, "अगं, विकतचेच खायचे तर रेस्टीच्या दाराशी बाई टोपली घेऊन येते. त्यासाठी टॅक्सीत तीन तास हाडं कशाला मोडून घ्यायची?"

"मग नाकतोड्यांसाठीच येत होता?"

"नाहीतर कशासाठी?" त्यांनी खरोखरच न कळून विचारलं.

रविवारी पहाटेच्या पहिल्या टॅक्सीने ते निघाले. गोमेसीचं पुडकं त्यांनी सोडलं नव्हतं, तसंच काखोटीला मारलं. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणाले. मी दारात उभी राहिले. पूर्वी जुन्या दिव्याखालून चार पावलं पुढे गेलं की माणूस अंधारात नाहीसा व्हायचा, मागे बघितलं की नाही ते कळायचं नाही. आता थेट वळणापर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.