एक कुपी भूल

मामा दवाखान्यात ड्रेसर होते आणि मोजणं हा त्यांचा आजार होता. बोळे, पट्ट्या, सुया तर ते मोजतच, पण पेशंट कितव्या पायरीवर कण्हला हेही त्यांना ठाऊक असे. त्या सकाळीसुद्धा कपाट उघडून त्यांनी डॉक्टरबाईंना सांगितलं होतं, "भुलीच्या कुप्या सात."

दुपारी तीनला त्यांतल्या सहा फरशीवर फुटून पडल्या होत्या.

झालं असं की गोदामातला एक हमाल आईला पाठुंगळी घेऊन आला. आई वाटेतच गेली होती. बाईंनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, आणि म्हणाल्या, "आई गेल्या." हमाल नुसता बघत राहिला. कदाचित तसाच राहिला असता, पण बरोबर मेहुणा होता, आणि मेहुण्यांना गप्प राहवत नाही.

"हात लावला आणि गेली! साधं इंजेक्शनसुद्धा दिलं नाही हिनं!"

हमालानं लोखंडी स्टूल उचललं.

पहिला घाव टेबलावर बसला. दुसरा बाईंनी आडव्या धरलेल्या मनगटावर. खडू मोडावा तसा कोरडा आवाज झाला. तिसऱ्यानं कपाळ फुटलं. मामा मध्ये पडले, तर त्यांना उचलून भिंतीवर आपटलं. दात पडला. किती, ते मामांनी जिभेनं चाचपून पाहिलं: एकच. तोवर हमालाची मूठ काचेच्या कपाटातून आरपार गेली आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात उसवला. रक्ताची चिळकांडी छताकडे गेली तसा मेहुणा "गाडी आणतो" म्हणाला आणि जो गेला तो गेलाच.

हमाल मटकन खाली बसला. हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा तो त्याकडे पाहत होता.

"मामा, दाबा तिथे," भिंतीला टेकून बाई म्हणाल्या. भुवईवरून रक्त ओठांत उतरत होतं. "टाके तुम्हीच घाला. माझा हात कामातून गेलाय."

"ह्याला?"

"आणखी कुणाचा हात उघडा पडलाय इथे?"

मामांनी रबरी नळी आवळली, जरुरीपेक्षा दोन वेढे जास्त. जखम धुतली. सुई ओवली.

"भूल द्या आधी."

"सगळ्या फुटल्या, बाई."

सातवी कुपी त्यांच्या खिशात होती. टेबलाखाली घरंगळलेली ती कुपी आपण बाईंच्या कपाळासाठी उचलली, असं ते स्वतःला बजावत होते. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं सुईच्या टोकाशी होतं.

पहिल्या टाक्याला हमाल गुरासारखा ओरडला. दुसरा मामांनी सावकाश घातला. सुई आत शिरली, थांबली, मग बाहेर आली.

"हळू, मामा! मामा, पाया पडतो!"

"मामा कुणाला म्हणतोस? मेहुण्याला हाक मार की."

एकोणीस वर्षांत टाके घालताना मामांना मजा अशी कधी आली नव्हती. आज येत होती. तिसऱ्यासाठी त्यांनी सुई वळवली.

"मामा, फुटलेल्या सहाच आहेत," बाई म्हणाल्या. डाव्या हातानं त्यांनी कुप्यांचे बुडखे फरशीवर ओळीनं मांडले होते. "सकाळी सात म्हणालात. तुमची मोजणी चुकत नाही."

"तुमच्यासाठी ठेवलीय."

"माझं रक्त थांबत आलंय. त्याचं नाही."

"त्यानं तुमचं हाड मोडलं, बाई!"

"मग पोलिसांना फोन करा. आणि मारायचंच असेल तर ती सुई ठेवा, स्टूल उचला. त्यानं निदान स्टूलच वापरलं."

मामांचे कान तापले. त्यांनी फोन केला. मग कुपीची मान मोडली, जखमेच्या कडांनी इंजेक्शन दिलं आणि घड्याळाकडे बघत थांबले. हळूहळू हमालाचा चेहरा सैल पडला, आणि आता कुठे तो आईसाठी रडायला लागला.

"भूल झाली, मामा. भूल झाली माझी."

"झाली नाही, दिली. हलू नकोस."

"आईला झाका ना कुणीतरी."

बाई उठल्या. डाव्या हातानं चादर ओढून त्यांनी म्हातारीच्या तोंडावरून घातली, आणि पुन्हा भिंतीशी येऊन बसल्या.

आणखी नऊ टाके पडले. मग बाईंचं कपाळ: पाच, भुलीविना. चौथ्याला बाईंनी मामांना अशी शिवी हासडली की हमालानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मामांनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: 'उजवा हात, टाके अकरा. पहिले दोन भुलीविना, कुपी शिल्लक असताना.' खाली सही केली.

बाईंनी सुजलेल्या डोळ्यानं वाचलं. "त्याचा वकील आधी हेच पान उघडेल. नोकरीवर येईल तुमच्या."

"मग? अकराही भूल देऊन, असं लिहू?"

जिन्यात बुटांचा आवाज आला. मामा सवयीनं पायऱ्या मोजू लागले. सातव्या पायरीला बाईंनी पेन मागितलं आणि मामांच्या सहीशेजारी डाव्या हातानं आपली वाकडीतिकडी सही केली.