चौदा नंबरचा शिक्का

मी एक जुना शिक्का आहे. वर लाकडी मूठ, खाली पितळेचा तळ आणि त्यावर उलटा कोरलेला आकडा, चौदा. मित्रांनो, माझं सगळं आयुष्य ब्लँकेटच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर गेलं.

ब्लँकेट दिव्याखाली पसरायचं, तळहात फिरवून सुटलेला धागा किंवा विरलेली जागा शोधायची आणि सगळं ठीक असेल तर कोपऱ्यातल्या पांढऱ्या फितीवर मला टेकवायचं. प्रत्येक तपासनीस बाईचा शिक्का वेगळा असे. माल परत आला की आकड्यावरून माणूस सापडे. माझ्या बाईंचा माल एकोणीस वर्षांत दोनदाच परत आला. गोदामातले लोक म्हणत, चौदा नंबर असेल तर उघडून बघायला नको. मी फुगून जायचो. खरं तर नजर बाईंची होती, मी आपला फुकटचा मिरवत होतो.

मग कॅमेऱ्याचं यंत्र आलं आणि तपासणीची सगळी पदं रद्द झाली. साहेबांनी बाईंना बोलावलं. साहेब काही वाईट नव्हते. त्यांनी बसायला खुर्ची दिली, प्यायला पाणी दिलं आणि घडीच्या टेबलावरचं काम देऊ केलं. ते दोन पायऱ्या खालचं होतं.

"चार आठवडे करून बघा," ते म्हणाले. "नाही पटलं तर कळवा. भरपाई घेऊन बाहेर पडायचा तुमचा हक्क तोवर शाबूत आहे."

सोबत दिलेल्या पत्रात हेच होतं, फक्त 'लेखी कळवावे' असं होतं. तोंडी ऐकलंच आहे म्हणून बाईंनी ते न वाचता पिशवीत ठेवलं. त्यांना घडी घालायची नव्हतीच. भरपाई घेऊन बहिणीबरोबर शिवणाचं दुकान काढायचं त्यांनी मनात धरलं होतं, पण एवढ्या वर्षांचा कारखाना सोडवत नव्हता, म्हणून चार आठवडे थांबू म्हणाल्या.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. तपासनीस थोड्या दिवसांसाठी दुसऱ्या टेबलावर गेली तर शिक्का जवळ ठेवायची, कायमची गेली तर भांडारात जमा करायची. शिक्का जवळ तोवर बाई तपासणीची, असं सगळा कारखाना मानत असे. म्हणून भांडारातल्या काकांनी मला मागितलं तेव्हा बाईंनी दिलं नाही. साहेबांना काय कळायचं ते कळलं, असं त्या धरून चालल्या.

मी अॅप्रनच्या खिशात पडून राहिलो. खिशाला ना झाकण ना कुलूप, तरी इतकं कोंडल्यासारखं मला कधीच वाटलं नव्हतं. वर दिवसभर तेच चाले: तीन घड्या, पिशवी, पुढचं ब्लँकेट. एखादा सुटलेला धागा दिसला की बाईंचा हात थांबे. मग मुकादम म्हणे, "बाई, बघायचं नाही, नुसती घडी घालायची." तेव्हा त्या खिशात हात घालून माझ्या आकड्यावर अंगठा फिरवत. घरी नवऱ्यानं विचारलं, तर म्हणाल्या, "मी कुठे हो म्हटलंय? शिक्का अजून माझ्याकडेच आहे." तोही निर्धास्त झाला. मला सगळं ऐकू येत होतं, पण कुणी दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही.

तिसाव्या दिवशी बाई साहेबांकडे गेल्या. साहेबांनी तारीख पाहिली.

"चार आठवडे परवाच संपले, बाई. तुमचा कागद आला नाही आणि काम तर तुम्ही करताय. नियमानं हे मान्य केल्यासारखंच झालं."

बाईंनी मला काढून टेबलावर ठेवलं. "हा जमाच केला नाही मी."

साहेबांनी मला उचलून उलटसुलट पाहिलं. "याचं मी काय करू?" त्यांनी विचारलं. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

आता कारखाना सोडायचा तर राजीनामा, तोही रिकाम्या हातानं. राहायचं तर घडी. बाई राहिल्या आहेत. मी भांडारातल्या पत्र्याच्या डब्यात आहे आणि माझ्या शेजारी नऊ नंबर आहे. त्याच्या बाईंनी तिसऱ्या आठवड्यातच वहीचं पान फाडून दोन ओळी लिहिल्या, पोच घेतली आणि भरपाई घेऊन त्या गेल्या. माझ्या बाई त्यांच्याहून कमी हुशार होत्या असं मुळीच नाही.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू निरोप घेताना 'आम्हाला जपा' म्हणतो. मी तसं म्हणणार नाही. बाईंनी मला जपलं आणि त्यातच त्या अडकल्या. तुम्ही हातात पडलेला कागद शेवटपर्यंत वाचा, आणि नको असेल ते वेळेत लिहून द्या. एकोणीस वर्षं मी बाईंच्या वतीनं होकारच उमटवत आलो. नकार मला येत नव्हता. तो त्यांनी स्वतःच्या हातानं लिहायला हवा होता.