बुटक्या दाराचा पुरावा

गोंडराजांच्या काळचं घर जो जसंच्या तसं राखेल त्याला घरपट्टी माफ, अशी दवंडी आमच्या गावच्या नगरपालिकेनं १९५४ साली पिटली. मुखरूभाऊंचं घर तेवढं जुनं होतंच. माफी मिळाली नाही, तर ओसरीचे सागवानी खांब विकून पट्टी भरावी लागणार होती. खांब गेले की घर पडेल आणि घर पडलं की पट्टी आपोआप माफ, हा भाऊंचा हिशेब त्यांच्या रुखमाबाईंना मात्र पटला नव्हता.

पाहणीला साहेब येणार म्हणून बाईंनी पाहुण्यांसाठी करतात तेच केलं. सगळ्या भिंती पांढऱ्या मातीनं पोतारल्या, खांबांना तेल चोळलं. घर नवरीसारखं दिसू लागलं.

साहेबांनी अंगणातूनच मान हलवली. "हे तर मागच्या दिवाळीचं बांधकाम दिसते."

"अजी, माह्या आज्याच्या आज्यानं बांधलं!" भाऊ म्हणाले.

"पुरावा?"

बाई म्हणाल्या, "अंदर तं या साहेब, चहा घ्या."

साहेब ताठ मानेनं निघाले आणि चौकटीवर कपाळ आपटून खाली बसले.

"नव्या घराले इतकं बुटकं दार कोन ठेवते, साहेब?" टेंगळाला हळद लावत बाईंनी विचारलं.

साहेबांनी टेंगूळ चाचपलं आणि माफी मंजूर केली.

महिन्याभरात आख्ख्या आळीनं आपापली दारं बुटकी करून घेतली. पुढच्या पाहणीला साहेब फेट्यात उशी घालून आले. टेंगूळ एकही आलं नाही, त्यामुळे सगळी घरं नवीन ठरली.